मेणवली कुणाची? वाडा, गाव आणि मालकीचा प्रश्न

स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मी सर्वेक्षण शिकवतो. साखळी, होकायंत्र, थिओडोलाइट आणि शेवटी नकाशा असा तो क्रम असतो. नकाशावर हद्दीची रेघ कशी काढायची हे विद्यार्थ्यांना नीट येतं. ती हद्द कुणाची, हे मात्र अभ्यासक्रमात नाही. हे टिपण त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण जमीन मोजायला शिकवणाऱ्याने मोजलेल्या जमिनीचा इतिहास टाळावा, हे मला पटत नाही.

निमित्त घडलं ते वर्गात. दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब रायपूरहून पुण्याला आणि तिथून वाईला गेलो होतो. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिला. परत आल्यावर त्याचे फोटो मी वर्गात दाखवले. विषय होता लाकडी सांगाड्याचं जुनं बांधकाम. बालोदकडच्या एका विद्यार्थ्याने फोटो पाहून लगेच म्हटलं, "सर, हा तर आमच्या दाऊंच्या बाड्यासारखा दिसतो. म्हणजे हे गाव या नानांचं होतं का?" मी पटकन "हो" म्हणालो. घरी गेल्यावर लक्षात आलं, की उत्तर चुकलं. बरोबर उत्तर द्यायला मला काही महिने वाचावं लागलं. तेच इथे मांडतो.

आधी गाव पाहू. वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी आहे. महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरलेली कृष्णा इथे अजून लहान आहे. वाडा गावाला लागूनच उभा आहे. उंच भिंत, भक्कम दरवाजा, आत एकामागून एक असे सहा चौक. खालचा भाग दगडी, त्यावर विटांचं काम, आणि सगळा भार लाकडी खांब-तुळयांवर. काही दालनांच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत. रंग उडाले असले तरी ओळखू येतात. मागच्या दाराने बाहेर पडलं की थेट घाट लागतो. हा घाट चंद्रकोरीच्या आकाराचा आहे. पायऱ्यांनी सगळा काठ झाकला असल्यामुळे पुराच्या पाण्याला माती खायला जागाच राहत नाही. नदीकाठी बांधकाम करणाऱ्या माणसाला हे पाहून समाधान वाटतं. घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं आहेत, आणि एका छोट्या बांधकामात एक मोठी घंटा टांगलेली आहे.

घंटेपाशी थोडं थांबायला हवं. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी आणल्या. त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, एक भीमाशंकरला आणि एक इथे आहे. शंकराच्या देवळाशेजारी मरियेची घंटा दोनशेहून अधिक वर्षं टांगलेली आहे, आणि गावात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. माझ्या मुलीने ती हळूच वाजवून पाहिली. नाद खूप वेळ टिकतो. ओतकाम उत्तम आहे.

पर्यटक मात्र इथे येतात ते बहुधा 'स्वदेस'मुळे. २००४ सालच्या त्या चित्रपटातलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणजे हेच गाव आणि हाच घाट. आम्ही गेलो त्या दिवशीही चार तरुण पायऱ्यांवर त्याच दृश्यासारखे फोटो काढत होते.

आता नानांकडे वळू. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ साली साताऱ्यात झाला. घराणं मूळ कोकणातल्या वेळासचं. फडणिशी म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचं आणि दप्तराचं काम. ते त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने होतं. १७६१ साली पानिपतावरून जीव वाचवून परतलेल्यांत हा एकोणीस वर्षांचा मुलगाही होता. पुढे १७७४ पासून बारभाईंच्या कारभारातून ते मराठी राज्याचे सूत्रधार झाले. १७८२ चा सालबाईचा तह आणि १७९५ ची खर्ड्याची लढाई ही त्यांच्या कारभारातलीच. १८०० च्या मार्चमध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

मेणवली त्यांना १७६८ साली मिळाली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत फडणिशी सांभाळत होते. औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव त्यांना दिलं. नानांनी तिथे वाडा, घाट, देवळं बांधली. त्यांचा मुक्काम पुण्यातच असे; मेणवली ही राजधानीपासून दूर, हक्काची जागा होती. १७९६ च्या गादीच्या भांडणात त्यांना पुणे सोडावं लागलं, तेव्हा ते याच वाईच्या बाजूला आले आणि इथून घाट उतरून महाडला गेले. त्यांच्या मागे पत्नी जिऊबाईंनी इंग्रजांच्या पेन्शनवर दिवस काढले, ते पुढे मेणवलीतच.

वाचणाऱ्याला एव्हाना इंग्लंडमधल्या सरदारांची खेड्यांतली घरं आठवली असतील. राजधानीत सत्ता, खेड्यात टोलेजंग घर, नदी, देऊळ आणि शेजारी लहानशी वस्ती. चित्र अगदी तसंच दिसतं. माझं "हो" इथेच चुकलं होतं.

मिळालं म्हणजे नेमकं काय मिळालं?

आज आपण "गाव दिलं" असं वाचतो, तेव्हा जमीन दिली असं समजतो. अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रात त्याचा अर्थ वेगळा होता. इनाम म्हणजे गावच्या उत्पन्नातला राज्याचा वाटा घेण्याचा हक्क. जो सारा सरकारात जायचा, तो इनामदाराकडे जाऊ लागे. शेतं ज्यांची होती त्यांचीच राहत.

त्या काळच्या इनामाच्या सनदा पाहिल्या, तर त्यांत एक ठरलेली शब्दावली पुन्हा पुन्हा येते. गाव जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दिलं जातं. म्हणजे पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, सगळंच. वाचताना वाटतं, आता उरलं काय? आणि लगेच पुढे शब्द येतात : हक्कदार व इनामदार खेरीजकरून. म्हणजे आधीपासून ज्यांचे हक्क आहेत ते सोडून. माझ्या मते त्या सनदेतला सगळ्यांत वजनदार शब्द 'खेरीज' हा आहे. विद्यार्थ्यांनी जुने कागद वाचताना आधी 'खेरीज' शोधावा, मग 'सह'.

हे हक्कदार कोण? गावचा पाटील आणि कुळकर्णी हे वतनदार. त्यांचं वतन इनामदाराने दिलेलं नसे, म्हणून काढूनही घेता येत नसे. परगण्याचे देशमुख-देशपांडे यांचा हक्क वेगळा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार असे बलुतेदार आपापलं बलुतं थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून घेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचे मिरासदार : जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेले शेतकरी. मिरास विकता येई, गहाण ठेवता येई, मुलांना वाटून देता येई. सारा भरला की मिरासदाराला कुणी हलवू शकत नसे. त्याच्या खालोखाल उपरी. हा बाहेरून आलेला, ठरावीक मुदतीसाठी जमीन कसणारा. त्याचे पाय मात्र गावात रुतलेले नसत.

जमिनींची नोंद थळझाड्यात होई. थळ म्हणजे एखाद्या मूळ कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन. ते कुटुंब नष्ट झालं तरी थळाचं नाव पुसलं जात नसे; जमीन गतकूळ म्हणून नोंदली जाई, आणि कसणारा दुसरा आला तरी नाव जुन्याच कुळाचं चाले. सर्वेक्षण शिकवणाऱ्या माणसाला हे फार मोलाचं वाटतं. आपण सर्व्हे नंबर देतो, त्यांनी नावं दिली होती. माणसं गेली तरी नावं राहिली.

शिवाय राज्याचा वाटाही एकसंध नव्हता. चौथाईचे बाबती, सहोत्रा, नाडगौंडा, मोकासा असे तुकडे आणि वर सरदेशमुखी. एकाच गावच्या उत्पन्नावर तीन-चार ठिकाणच्या लोकांचे वाटे असू शकत. मेणवली देणारेही एक नव्हते, दोन होते, हे लक्षात घ्या.

हे चित्र फार गोड करून घेऊ नये. महाराचं वतन हे वेठीचं ओझंही होतं. उपऱ्याला आवाज नव्हता. पैसेवाले इनामदार हळूहळू गावातल्या मिराशी आणि वतनंही विकत घेत, आणि मग कागदावरचा 'खेरीज' पोकळ होत जाई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने देण्याची पद्धत वाढली, तेव्हा मक्तेदाराने मिरासदारालाही पिळून काढलं. पण पिळणं वेगळं आणि उठवून लावणं वेगळं. नाना फडणवीस हिंदुस्थानातल्या सर्वांत बलवान माणसांपैकी एक होते. तरी वाड्याच्या सज्जातून दिसणारं दृश्य आवडत नाही म्हणून मेणवली गाव उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क त्यांच्या सनदेत नव्हता.

ही कल्पना मी हवेतून काढलेली नाही. त्याच वर्षांत इंग्लंडमध्ये नेमकं हेच घडत होतं.

डॉर्सेट परगण्यात मिडलटन नावाचं बाजाराचं गाव होतं. तिथली जुन्या मठाची वास्तू आणि जमीन १७५२ साली जोसेफ डेमर याने घेतली. पुढे तो लॉर्ड मिल्टन झाला. गाव त्याच्या घराच्या अगदी शेजारी होतं, आणि ते त्याला नको होतं. जसजसे भाडेपट्टे संपत गेले तसतशी त्याने घरं पाडली. थोड्या दूरच्या दरीत त्याने एकसारख्या झोपडीवजा घरांची दुहेरी ओळ बांधली. तेच आजचं मिल्टन ॲबस. नवं गाव १७८० च्या सुमारास उभं राहिलं. आखणीत केपेबिलिटी ब्राउन हा त्या काळचा नामांकित उद्यानरचनाकार होता. हॅरिसन नावाच्या एका वकिलाने पट्टा संपल्याशिवाय घर सोडायला नकार दिला, तेव्हा तळ्याचे दरवाजे उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं, आणि त्याने खटला भरून तो जिंकला, अशी कथा तिथे सांगतात. आज ते गाव इंग्लंडमधल्या सर्वांत सुंदर खेड्यांत मोजतात. पर्यटक छपरांचे फोटो काढतात.

हे एकच उदाहरण नाही. ऑक्सफर्डजवळचं न्यूनम कोर्टने १७६० च्या दशकात असंच हलवलं गेलं. ऑलिव्हर गोल्डस्मिथची १७७० सालची ओसाड गावावरची कविता त्यावरून सुचली असावी, असं मानतात. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थच्या ड्यूकने एडन्सर गावाचा बराच भाग १८३० च्या दशकाअखेरीस नजरेआड हलवला. हे करता आलं कारण जमीनदार हा जमिनीचा खराखुरा मालक होता आणि गावकरी त्याचे भाडेकरू. गावाची सामाईक जमीन, कुरणं, जळण गोळा करण्याचे जुने हक्क हे सारं कुंपणबंदीच्या कायद्यांनी त्याच काळात संपत होतं. १७५० ते १८३० या काळात पार्लमेंटने असे सुमारे चार हजार कायदे केले.

घरांची रचनाही हेच सांगते. इंग्लंडमधलं ते घर बाहेर पाहतं. खिडक्यांतून दूरवर हिरवळ, तळं, झाडी. मध्ये दुसऱ्या कुणाची वस्ती दिसता कामा नये. मेणवलीचा वाडा आत पाहतो. त्याचं आकाश चौकात आहे. बाहेर जे बांधलं ते घाट आणि देवळं, म्हणजे जिथे गाव येणारच. कृष्णेवर पाणी भरायला कोण येईल आणि कोण नाही, यावर जातीचे निर्बंध होतेच. तरीही ती जागा एका घराची बाग नव्हती.

आता रायपूर

हा सगळा प्रश्न आम्हा रायपूरच्या मराठी माणसांना जास्त अडचणीचा आहे. तात्यापाऱ्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला भोसल्यांचा इतिहास घरचा वाटतो. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांबरोबर १७४१ साली छत्तीसगडात आली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून १७८७ पर्यंत कारभार केला. पुण्यात नाना होते त्याच काळात इकडे बिंबाजी होते. १८१८ नंतर काही वर्षं इंग्रज अधिकारी ॲग्न्यू यांनी कारभार पाहिला आणि मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं. १८३० ते १८५४ पुन्हा भोसले, मग खालसा.

या काळात छत्तीसगडच्या खेड्यात मिरास नव्हती, पण मालकही नव्हता. गावचा मुख्य म्हणजे गौंटिया. तो सारा गोळा करून भरायचा, आणि मोबदल्यात त्याच्याकडे काही जमीन असायची. आणि इथे एक विलक्षण चाल होती : लाखाबाटा. काही वर्षांनी गावातली शेतं पुन्हा वाटून घ्यायची. कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशा वेगवेगळ्या मातीचे तुकडे प्रत्येकाच्या वाट्याला यावेत, कुणाकडे सगळी काळी आणि कुणाकडे सगळा मुरूम असं होऊ नये, हा हेतू. जमीन मोजण्याच्या शास्त्रात याहून अवघड गणित मी पाहिलेलं नाही. ते निरक्षर शेतकरी दोरी आणि काठी घेऊन सोडवत.

१८६१ साली मध्य प्रांत झाला. १८६० च्या दशकात इंग्रजांनी इथे जमाबंदी केली. रायपूर जिल्ह्याचं काम जे. एफ. के. हेविट यांनी केलं आणि त्यांचा अहवाल १८६९ चा आहे. या जमाबंदीत एक निर्णय झाला, ज्याने छत्तीसगडचं खेडं बदललं. सारा गोळा करणाऱ्या गौंटियाला आणि मालगुजाराला गावाचा मालक ठरवलं गेलं. ज्याच्याकडे वसुलीचं काम होतं, त्याला जमीनच मिळाली. काही जुन्या कसणाऱ्यांना मालिक मकबूजा म्हणून आपल्या तुकड्याची मालकी मिळाली, बाकीचे कुळं झाले. गावात मालक नावाचा कुणीतरी असलाच पाहिजे, ही इंग्लंडमधली समजूत इथे कायदा होऊन बसली. लाखाबाटा मालकाच्या गावात फार काळ टिकणं शक्यच नव्हतं.

मेणवलीच्या भागात वेगळंच झालं. तिथे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरापासून सुरू केलेली रयतवारी मोजणी पसरली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबरासमोर खातेदार. इनामं मात्र तपासली गेली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं. ज्याच्याकडे पुरावा नव्हता त्याचं इनाम गेलं. घराघरांत जुनी दप्तरं बाहेर काढली गेली ती या धाकाने. मेणवलीच्या वाड्यात तर राज्याचाच पत्रव्यवहार होता, कारण फडणिसाचं घर आणि फडणिसाचं कार्यालय यांत आजच्यासारखी भिंत नव्हती. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी तो संग्रह मिळवला, साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवला, आणि १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. 'मेणवली दप्तर' या नावाने अभ्यासक तो आजही वापरतात. एवढ्या लहान गावाचं नाव संशोधनात सतत दिसतं ते या कागदांमुळे.

शेवटही दोन ठिकाणी वेगळ्या नावांनी झाला. इकडे १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. तिकडे मुंबई राज्याच्या १९५२ च्या कायद्याने वैयक्तिक इनामं रद्द झाली. वाडे आणि बाडे राहिले. मेणवलीचा वाडा आजही खासगी आहे. काही चौक पाहू देतात, काही नाही.

म्हणजे त्या विद्यार्थ्याला दोन्ही इमारती सारख्या दिसल्या, त्यात त्याची चूक नव्हती. खांब, तुळया, चौक सारखेच आहेत. पण त्याच्या दाऊंचे पूर्वज १८६० च्या दशकात कागदोपत्री ज्या अर्थाने गावाचे मालक झाले, त्या अर्थाने नाना फडणवीस मेणवलीचे मालक कधीच नव्हते. आमच्याकडच्या गौंटियाला जी मालकी मिळाली, ती नानांपेक्षा लॉर्ड मिल्टनच्या जास्त जवळची होती.

हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. जातीच्या दाखल्यासाठी त्याच्या वडिलांनी तहसिलीतून काढलेल्या मिसलची नक्कल होती. छत्तीसगडात हा जुना जमाबंदीचा कागद आजही अनेक घरांना लागतो. वर गावाचं नाव, खाली मालगुजाराचं नाव, आणि बऱ्याच खाली, काश्तकारांच्या यादीत, त्याच्या पणजोबांचं. "सर," त्याने विचारलं, "यांच्या आधीच्या वाटणीत आमची शेतं कोणती होती, ते कुठे लिहिलेलं असेल?" लाखाबाट्याची वाटणी दोरीने होत असे, असं मी सांगितलं. मग आम्ही दोघांनी मिळून त्या गावच्या नकाशावर कन्हार आणि भाटा कुठे संपतात ते शोधायला घेतलं.